आण्णांचा धुतलेला हात

बॉन, जर्मनी
१२ नोव्हेंबर १९९९

प्रिय आईस,
आम्रपालीचा जयभीम. माझं बरं चाललंय, थंडीला दोन स्वेटर आहेत. साक्षी हे वाचून दाखवत असेल. गुडघ्याला तेल लावतेस ना?

भिंतीवर लावायला तू आण्णांचा फोटो मागितलास. गेल्या वर्षी मी आष्ट्याच्या रानात हळदीच्या करप्याचे फोटो काढले, तेव्हा चाळीसच्या चाळीस पानं त्यांनीच धरली होती. दर वेळी म्हणायचे, "थांब गं, हात धुऊन येतो. फोटूत लय मळका दिसंल."

जगभरच्या संशोधकांना दिसावेत म्हणून ते फोटो मी इंटरनेटवर ठेवले. तिथं जागा फुकट मिळते, पण थोडीच. ती पुरावी म्हणून प्रत्येक फोटोतलं नुसतं रोगट पान ठेवलं. आण्णांचा हात कापून टाकला, दोन-तीनांत चेहरा होता तोही. मूळ फोटो होते त्या फ्लॉप्या पुसून पुन्हा वापरल्या. तेव्हा आण्णा होते गं, आई.

काल सगळे परत बघितले. एकात कडेला त्यांचा अंगठा राहिलाय, अजून ओला. त्याचीच प्रिंट सोबत पाठवतेय.

फ्रेम लहानच कर.

तुझी,
आम्रपाली