अवरेकाईचा शनिवार

अज्जी, गेल्या शनिवारी एका मुलीने माझ्या हातातून सोलायच्या अवरेकाईच्या दाण्यांचं ताट काढून घेतलं आणि तुमची आठवण झाली. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. दुपारी घराजवळच्या ज्येष्ठांच्या केंद्रात जाऊन बसते, आणि शनिवारी तिथे कॉलेजच्या मुली आमच्या सोबतीला येतात. मुलगी गुणी आहे. "तुम्ही बसा हो अज्जी, मी करते," म्हणाली. मला असा राग आला म्हणून सांगू! आणि त्या रागामागोमाग साठ वर्षांपूर्वीचा एक प्रश्न पुन्हा डोकं वर काढून बसला. तुम्हाला कळलं होतं की नाही?

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या बाईंनी आठ मुली निवडून बसवनगुडीतल्या वृद्धांच्या घरी दर शनिवारी पाठवायचं ठरवलं. जाताना बजावलं होतं, "त्यांना कष्ट पडू देऊ नका. वाचून दाखवा, गप्पा मारा, हातातलं काम तुम्ही करा." बाकीच्या अज्ज्या कानडी बोलणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. मी घरच्यासारखं मराठी बोलते हे पहिल्याच दिवशी ऐकलंत आणि मला शेजारी बसवून घेतलंत. मला तुमचं फार नवल वाटायचं. इतकी वर्षं मोठ्या कुटुंबाचं स्वयंपाकघर चालवलेली बाई इथे कशी रमत असेल, सकाळी उठल्यावर कशाचा विचार करत असेल, असं काहीबाही मनात यायचं. विचारायचा मात्र धीर होत नसे.

मग अवरेकाईचा हंगाम आला. पुण्याची माझी भाची त्याला सरळ वाल म्हणते. ऐकलं असतंत तर तिला उठवून बाहेर काढलं असतंत. शुक्रवारी शेंगा सोलायच्या, दाणे रात्रभर भिजत टाकायचे आणि शनिवारी दुपारी एकेक दाणा चिमटीत दाबून सालाबाहेर काढायचा, रविवारच्या सारूसाठी, म्हणजे भातावरच्या पातळ आमटीसाठी. त्या शनिवारी आम्ही आलो तर तुम्ही पाचजणी मागच्या पडवीत पातेल्याभोवती नुकत्या बसलेल्या. आम्ही पदर खोचले, पातेलं ओढलं, आणि हसत-खिदळत अर्ध्या तासात सगळं संपवून हात धुतले. मी शाबासकीसाठी तुमच्याकडे पाहते, तर तुमचे ओले हात मांडीवर तसेच पडलेले. "झालं? आता संध्याकाळपर्यंत मी काय करू, सांग बघू," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "अज्जी, तुम्ही स्वल्प आराम करा." तुम्ही म्हणालात, "आरामच करते ग मी आठवडाभर. हे केलं की वाटतं, मी इथे राहते. नाही तर मला इथे ठेवलंय." माझा चेहरा तापला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ना, तसं झालं. घराच्या मॅनेजरांनी आमचा झपाटा पाहिला आणि ठरवून टाकलं की आता अवरे शनिवारी मुलीच करतील, म्हाताऱ्यांनी हात लावायचा नाही. पुढच्या शनिवारी तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमची बोटं कोरडी, थंड. "तू शिकलेली आहेस, तुझं ऐकतील. जाऊन सांग त्यांना, आमचं काम आम्हाला परत द्या. आम्ही मागितलं की ते हसतात." मी म्हटलं, "सरी अज्जी, बरं, आत्ता जाते."

मी गेले. एवढं खरं आहे. मॅनेजर मला बघून उठूनच उभे राहिले, म्हणाले, तुम्हा मुलींचं कौतुक करणारं पत्र प्रिन्सिपलना लिहितोय. आणि ते वाचून दाखवू लागले. त्यात "निःस्वार्थ" असा शब्द होता. तो ऐकताना मला इतकं बरं वाटलं की मी कशासाठी आले होते ते ओठांवर आलंच नाही. मी "थँक्यू सर" म्हटलं आणि बाहेर आले. तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होतात. "सांगितलंस?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "सांगितलं."

त्यानंतर आमच्या परीक्षा आल्या. तीन शनिवार आम्ही फिरकलो नाही. अवरे सोलायला माणूस नाही म्हटल्यावर पातेलं आपोआप तुमच्याकडे परत आलं. चौथ्या शनिवारी मी येते तर तुम्ही पाचहीजणी पडवीत, सालींचा ढीग, सगळीकडे तो हिरवट वास. तुम्ही मला जवळ बोलावता, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी हातात ठेवता. "माझ्या हातचे आहेत. आईला दे, सारूत घाल म्हणावं. तू बोललीस म्हणून मिळालं बघ हे." मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहता, आणि विचारता, "बोललीस ना?" मी मान हलवते. तुम्ही माझ्या गालाला हात लावता. बोटं ओली असतात.

पुढच्या हंगामाआधीच तुम्ही गेलात. आता सांगा, दुसऱ्यांदा का विचारलंत? संशय होता, की कानांनी दगा दिला होता? आणि ठाऊक असूनही पुडी दिली असेल, तर ती कसली होती, क्षमा, की शिक्षा? मी उलटसुलट खूप विचार केला आहे. अजून कळलेलं नाही.

गेल्या शनिवारी त्या मुलीला मी म्हटलं, "ताट इकडे दे." तिने लगेच दिलं, वर विचारलं, "का अज्जी, माझं काही चुकलं का?" तिने निदान विचारलं तरी. मी तिला शेजारी बसवलं, अर्धे दाणे तिच्यापुढे सारले, आणि तुमची गोष्ट सांगितली. मॅनेजरांच्या खोलीपर्यंत आले, आणि तिथे "मग मी त्यांना ठणकावून सांगितलं" असं म्हणून गेले. तिने टाळ्या वाजवल्या.

म्हणून आज लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, टाकणारही नाही. एक राहिलंच. त्या पुडीचं सारू आईने रविवारी केलं. घास घशाखाली उतरला नाही असं लिहायचं मनात होतं, पण अज्जी, मी दोनदा मागून घेतलं होतं.