ओठातली सुई

२८ सप्टेंबर, रविवार

हर्षालीने हाराची सुई गिळली! बोटभर लांब, दोऱ्यासकट.

सुनेला शंभरदा सांगितलं — सुई ओठात धरू नकोस. पण मळ्यातल्या सगळ्याच बायका धरतात. हार ओवताना दोन्ही हात झेंडूत असतात ना. त्यात दसऱ्याची घाई. माझा मुलगा धनराज म्हणाला, "ठसका लागला तिला." मूर्ख मुलगी!

मी विहिरीवर मोटर बंद करायला गेले होते. परत येते तो शेजारच्या ठमाबाई तिच्या तोंडात केळी कोंबतायत. "गिळ गं बाई, केळ्यासंगं खाली जाईन सुई!" तीन केळी गेली होती. ठमाबाईंना दंडाला धरून बाहेर काढलं.

दवाखान्यात डॉक्टर ज्ञानेश भडकले. दुर्बीण घालायला पोट रिकामं हवं. थांबा आता!

२९ सप्टेंबर

सुई जठरातून पुढे गेली. एक्स-रेत पांढरी रेघ, आडवी.

दुपारनंतर हर्षाली किंचाळायला लागली. हिरवी उलटी. पोट लाकडासारखं कडक, हात लावू देईना. दोन नर्सनी धरलं तरी कॉटवर उसळत होती. मी झूऑलॉजीत बी.एस्सी. केलं, बेडूक कापले. आज सुनेचं पोट कापायच्या संमतीवर सही केली.

धनराज बाहेर फोनवर. "हार पोचतील शेठ, काळजी नको." — बायको आत मरतेय!

३० सप्टेंबर

जगली. आतडं दोन ठिकाणी फाटलं होतं, घाण पोटभर पसरलेली. वीतभर आतडं कापून टाकलं, पोट धुतलं. डॉक्टरांनी सुई स्टीलच्या वाटीत दाखवली. दोरा अजून गुंतलेलाच.

मग हळूच म्हणाले, "आजी, हिचा गाल आतून फाटलाय. दाढ हललीय. ठसक्याने असं होत नाही. पोलिसांना कळवतोय."

घरी येऊन धनराजला सरळ विचारलं. त्याने क्रेट लाथेने उडवलं, झेंडू अंगणभर. "हसली ती मला! ऑर्डर चुकली म्हणून हसली. एकच दिली!"

"तोंडात सुई असताना?"

मनगट पिरगाळलं माझं. भिंतीवर ढकललं. "पोलिसांना काय सांगशील? तू होतीस का तिथं?"

मनगट सुजलंय. डाव्या हाताने लिहितेय.

१ ऑक्टोबर

हर्षाली कुजबुजत बोलली. "आई, हसले हो मी… एवढंच." टाके ओढले जातात म्हणून रडायचीही चोरी.

"पोलिसांना सांग."

"कोण ऐकंल? पाहिलं कोणी नाय. अन् बरी झाले की घरी त्यांच्याकडंच जायचं ना?"

फौजदार बाई येऊन गेल्या. बाई मला व्हरांड्यात म्हणाल्या, "नवरा ठसका म्हणतो, ही बोलत नाही. डॉक्टरांचा गालाचा दाखला कोर्टात कुठवर पुरेल? तुम्ही पाहिलंत का काही?"

उद्या सांगते म्हटलं. आयुष्यात मी परीक्षेतसुद्धा शेजारच्या पेपरात डोकावले नाही. मुलालाही खोटं बोलला की उपाशी ठेवायचे.

पुन्हा हसली तर? पुढच्या वेळी ओठात सुई नसेल, हातात विळा असेल त्याच्या.

२ ऑक्टोबर, दसरा

जबाब दिला — मी दारात उभी होते, डोळ्यांदेखत मारलं. धनराज समोरच होता. टेबलावर मूठ आपटून ओरडला, "खोटारडी! मी मारलं तेव्हा ही विहिरीवर होती!"

फौजदार बाईंनी त्याचं वाक्य शब्दन् शब्द लिहून घेतलं.