आई घरी, दिवा हिरवा

१४ सप्टेंबर, रविवार

पोहे खाता खाता आईने जाहीर केलं. दिवाळीला मिरजेला परत जायचंय. तिकीट नोव्हेंबरचं आहे, दिवाळी इथे जर्मनीतच करायची हे मी कधीच ठरवलंय, म्हणजे ते ठरलेलंच आहे. कारण विचारलं तर म्हणाली, दिवसभर कोंडल्यासारखं होतं रे.

मीनल म्हणाली, जायचंय तर जाऊ दे ना त्यांना, तिकीट बदलून घेऊ. बायकोची लगेच शरणागती. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मी रूट कॉज शोधतो. मी ऑफिसात, मीनल बाड हॉम्बुर्गला तिच्या ऑफिसात, अन्वी शाळेत. घरात आई एकटी, आणि ती घरात आहे हे घराला माहीतच नाही. दोष घराचा आहे.

उपाय: पत्त्यांच्या कॅटएवढा एक कॉम्प्युटर मिळतो. तो घरात कोण आहे, कोण नाही यावर लक्ष ठेवतो आणि दिवे, हीटिंग, खिडक्यांची शटरं स्वतःच चालवतो. ऑर्डर केला. आईला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही. मग बघू कशी जाते मिरजेला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पार्सल आलं. आईने हातात घेऊन फिरवून बघितलं. एवढ्याशा डबीला एवढा मोठा खोका कशाला, म्हणाली. बाड हॉम्बुर्गच्या शिरीषला फोन केला. तो आयटीत आहे. म्हणाला, चांगला चार्जर आणि चांगलं मेमरी कार्ड घे, घरातलं जुनं वापरू नकोस. हे सॉफ्टवेअरवाले उगाच भाव खातात. घरातलं जुनं वापरलं.

२१ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारी चार्जर आणला. काल कार्ड आणलं. शिरीषला कळवलं नाही.

पण चालू झालं! हॉलच्या भिंतीवर टॅबलेट लावला. चार नावं: दत्ता, मीनल, अन्वी, आई. ज्याचा फोन घरच्या वायफायवर, त्याचा दिवा हिरवा. बाहेर गेला की लाल. चारही लाल झाले की दिवे बंद, हीटिंग बंद, शटरं खाली. ऑफिसातूनही दिसतं.

भिंतीवरच्या सगळ्या बटणांवर चिकटपट्टी लावली. आईला बजावलं, बटणांना हात लावायचा नाही. कुणीही, काहीही सांगितलं तरी नाही. आई बरं म्हणाली. अन्वी जर्मनमध्ये म्हणाली की हे तुरुंगासारखं आहे. तिला मराठी कळतं, बोलायचं मात्र नसतं. दुर्लक्ष केलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

किरकोळ अडचण. आईचा फोन वापरला नाही की झोपतो आणि वायफाय सोडतो. सिस्टीमला वाटलं घरी कुणीच नाही. दुपारी शटरं खाली, दिवे बंद. आई संध्याकाळपर्यंत देव्हाऱ्यातल्या नंदादीपाच्या उजेडात बसून होती. नवरात्र आहे म्हणून तो तरी होता. मला फोन का केला नाहीस विचारलं, तर म्हणाली, इथे दुपारी झोपायचा नियम असेल असं वाटलं. इथे कशाकशाचे नियम असतात.

सिस्टीमने सांगितल्याप्रमाणेच काम केलं. चूक फोनची.

२८ सप्टेंबर, रविवार

टेस्टिंगसाठी बाल्कनीत गेलो. फोन आत चार्जिंगला लावला होता, पण पिन नीट बसली नव्हती आणि तो बंद पडला. मीनल आणि अन्वी वाढदिवसाला गेलेल्या. आईचा फोन झोपलेला. चारही लाल. शटर खाली. मी बाहेर, बनियनवर.

शटर वाजवलं. आतून आईने विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, मी आहे, दाराजवळचं बटण दाब. आई म्हणाली, बटणांना हात लावायचा नाहीये. म्हटलं, मीच सांगतोय ना. आई म्हणाली, कुणीही सांगितलं तरी नाही, असं तूच सांगितलंयस. मी जोरात वाजवलं. शेजारच्या बाल्कनीतून फ्राउ क्लाइन म्हणाल्या, आज रविवार आहे, रविवारी ठोकाठोकी चालत नाही. मी कुडकुडतोय हे त्यांना दिसत होतं. मग मी हळू वाजवायला लागलो.

मीनल आल्यावर सुटका झाली. तिने सगळ्या चिकटपट्ट्या काढून टाकल्या. मी विरोध केला असता, पण दात वाजत होते.

३० सप्टेंबर, मंगळवार

फोनवर अवलंबून राहणंच चूक होतं. आईसाठी वेगळा टॅग आणला, नाण्याएवढा. तो जिथे तिथे आई. तिला समजावलं की महागाचा आहे, हरवू नकोस, सांभाळून ठेव. ठेवते म्हणाली.

दिवा दिवसभर हिरवा. विषय संपला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

घरी आलो तर टॅबलेट काळा. कॉम्प्युटरच्या डबीवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आईने यंत्राची पूजा केली होती. वर फुलाने पाणी शिंपडलं होतं. चालू असताना.

मी ओरडलो नाही. आवाज थोडा चढला असेल. आई एवढंच म्हणाली की बाबांच्या लेथची दर दसऱ्याला अशीच करायचो, ती कधी बंद पडली नाही. मग स्वयंपाकघरात गेली. श्रीखंड केलं होतं तिने. मीनलने मला वाढलं नाही, माझं मी घेतलं.

उद्या इथे राष्ट्रीय सुट्टी, दुकानं बंद. डबी तांदळात पुरून ठेवली आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

चालू झाली! यूएसबीच्या खाचेतलं कुंकू टूथब्रशने काढलं. आईला सांगितलं, बघ, झाली नीट. बरं झालं बाबा, म्हणाली. रागावलेली अजिबात वाटली नाही. फार बोललीही नाही, पण तिचं ते नेहमीचंच.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा ग्राफ: आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरी. कालचा तसाच. परवाचा तसाच. एकदाही बाहेर नाही. आई रमली. दिवाळीचा विषय तिने काढलाच नाही. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ग्राफ दाखवला. एका जर्मन कलीगने विचारलं की ती दिवसभर एका जागची हलतच नाही का, तब्येत ठीक आहे ना. यांना आपली कुटुंबव्यवस्था कळणं कठीण.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मीटिंगमध्ये फ्राउ क्लाइनचा फोन. तुमची आई माझ्याकडे आहे, म्हणाल्या. मी स्क्रीन बघितला. आई घरी, दिवा हिरवा. त्यांना अदबीने सांगितलं की तुमचा गैरसमज होतोय, माझी आई माझ्या घरात आहे. त्यांनी फोन आईकडे दिला. आई म्हणाली, दत्ता, मी बाहेर आहे रे. मी म्हटलं, इथे तर घरी दाखवतंय.  आई म्हणाली, बरं, मग तसं असेल.

झालं ते असं. आई बाहेर पडली, किल्ली आत राहिली, दार मागे लागलं. इथली दारं ओढली की लागतातच. टॅग देव्हाऱ्यात, बाळकृष्णाशेजारी. महागाची वस्तू सांभाळून ठेव म्हणालास, मग दुसरीकडे कुठे ठेवणार, असं तिचं म्हणणं. फोनही घरात. टॅग यायच्या आधी एकदा फोन घेऊन खाली गेली होती, तेव्हा संध्याकाळी मी कुठे, कशाला, किती वेळ असं सगळं विचारलं होतं. ते डेटासाठी होतं. तिला ती उलटतपासणी वाटली. म्हणून तेव्हापासून ती रोज फोन घरीच ठेवून फ्राउ क्लाइनबरोबर माइन नदीच्या काठाने फिरून येते. मीनलला माहीत होतं. अन्वीला माहीत होतं. ग्राफला नव्हतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपाय सापडला: दाराला सेन्सर. दोन संध्याकाळी त्यावरच बसलो. जेवायला हाक मारली होती म्हणे, ऐकू आली नाही.

सेन्सर दाखवायला गेलो तर आई बॅग भरत होती. मीनलने तिकीट बदललंय, गुरुवारचं. म्हटलं, अगं पण आता सगळं नीट होतंय. आई म्हणाली, हो रे, तू खूप खटपट केलीस. आणि साड्यांच्या घड्या घालत राहिली. अन्वी चक्क मराठीत म्हणाली, आजी, जाऊ नको. मी तिथेच उभा होतो, हातात सेन्सर. मलाही तेच म्हणायचं होतं. मी म्हटलं की बॅटरी दोन वर्षं चालते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फ्रँकफुर्ट एअरपोर्ट. फ्राउ क्लाइन निरोप द्यायला आल्या होत्या. दोघी मिठी मारून रडल्या. आई त्यांना जर्मनमध्ये जा, जा, गेनाऊ, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत होती.

आत जाण्याआधी मी विचारूनच टाकलं की काय कमी पडलं. आई म्हणाली, काही कमी नव्हतं. ही बाई रोज दार वाजवायची, मनोरमा, येतेस का विचारायची. तिला मराठी येत नाही. तुला येतं. दिवसातून एकदा फोन करून काय करतेस एवढं विचारलं असतंस, तरी मी नोव्हेंबरपर्यंत राहिले असते.

फोनचा पर्याय विचारात घेतला नव्हता. खर्च शून्य, कुठलंच यंत्र लागत नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये घेता येईल. रोज करायचा. ठरलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

शुक्रवारी ती पोचल्याचा मेसेज मीनलला आला, म्हणून फोन केला नाही. शनिवार-रविवार ती दमलेली असणार. सोमवारी मीटिंगा.

आज लावला. आईने उचलला. मागे चिक्कार माणसं, भांडी, कुणीतरी हसत होतं. मी विचारलं, आई, काय करतेस? म्हणाली, चकल्या तळतेय, तेल तापलंय, नंतर कर हं बाळा.

स्वयंपाकघरात फोन घेऊन बसलो आहे. नंतर म्हणजे किती वाजता, ते विचारायचं राहिलं.