दोन थरांची शिवण

माय, तुझ्या कबऱ्या कोंबड्यांतली शेवटची काल सकाळी गेली. तू सिद्धेश्वरकडच्या माहेराहून डालग्यात घालून आणलेल्या त्या पहिल्या कोंबडीचा सगळा वेल गेल्या उन्हाळ्यात मानमोडीच्या रोगानं नेला होता. ही एकटी उरली होती, चौथ्या वर्षाची, उजव्या पायाचं मधलं नख तुटलेली. तिच्यामागं आता अंडं नाही, पिल्लू नाही.

अंगणात सोयाबीनची रास होती. शनिवारी ताडपत्रीच्या कडेनं तिनं कोरडे दाणे पोटभर टिपले, वरून पाणी प्याली, आणि दाणे आत फुगले. रविवारी उठून बघतो तर मान लांब केलेली, चोच उघडी, पंख गळालेले. गळ्याखालची पिशवी सकाळी दाणा टाकायच्या आधी चाचपायची, रात्रीतून ती रिकामी झाली पाहिजे, हे तुझंच सांगणं. मी चाचपली. मोठ्या लिंबाएवढी, टणक, दाणा न् दाणा बोटाला लागत होता. मग गोडं तेल पाजलं, चमचा चोचीच्या कडेनं लावून, थेंबाथेंबानं, म्हणजे श्वासात जाऊ नये. दर दोन तासांनी पिशवी हलक्या हातानं चोळली. वजन केलं, सव्वा किलोला पन्नास ग्रॅम कमी भरलं. डालग्याखाली ठेवून वर पोतं टाकलं आणि कुत्रं मागच्या दारी बांधलं, कारण आजारानं मरायच्या आधी कोंबडी भ्यानंच मरते. यात कुणी चूक काढून दाखवावी.

पण एवढ्यानं भागणार नव्हतं, हे मला सोमवारीच कळलं होतं. पिशवी कापायलाच पाहिजे होती. तू कापायचीस तशी.

तो दिवस मला आठवतो. मी एकोणीस वर्षांचा, डोंगरकडा गावात विहिरीवरची पहिली जळकी मोटार, नवी तार गुंडाळून, एकट्यानं भरून चालू केलेली, त्यामुळं जमिनीवर पाय नाही. तू चुलीपुढं बसली आहेस. कोऱ्या ब्लेडची पुडी, उकळून काढलेली सुई, काळा दोरा, वाटीत हळद. तुरीचे दाणे खाऊन फुगलेली कोंबडी माझ्या मांडीवर, पाय आणि पंख माझ्या मुठीत. तू गळ्याखालची पिसं उपटतेस, ब्लेड उचलतेस. मी म्हणतो, दवाखाना सोडून हा अडाणीपणा काहून करायचा? तू हसतेस. दवाखान्यात कोंबडीला कोण विचारतं, म्हणतेस. मग हसू थांबवून म्हणतेस, “इकडं बघ. तोंड फिरवू नको. आज मी हाय, उद्या कोन करंल?”

कोंबडी वाचली. महिन्याभरानं अंडी घालायला लागली. तू दारावरून जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायचीस की माझ्या लेकानं कोंबडीचे पाय धरले, त्यानं समदं पाहून ठेवलंय, त्याला येतंय. तू गेल्यावर दोघी-तिघी कोंबड्या घेऊन आल्याही. मी कामाचं निमित्त सांगून त्यांना लावून दिलं. आता वारंगा फाट्यावर माझं मोटार भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार खोलली की मी आधी फेरे मोजतो, तारेची जाडी बघतो, मगच तार तोडतो. कुणाच्या हाताखाली राहिलो नाही, बघून बघून शिकलो, असं मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

मंगळवारी बायकोनं न सांगता ब्लेड, सुई, दोरा, हळद पाटावर मांडून ठेवली. म्हणाली, “आत्याबाई म्हनायच्या, तुमाला येतंय. मग करा की.” मी म्हणालो, आज अशक्त आहे, तेलानं जरा नरम पडू दे, उद्या करू. शेजारचे तात्या भिंतीवरून बघत होते. ते म्हणाले, “ती काय मोटार हाय व्हय, खोलून बसवायला? कापा आन् खाऊन टाका.” दुपारी दुकानात फोनवर एकाचा पिशवी कापायचा व्हिडिओ बघितला, तीनदा बघितला. नेमकं कापायच्या वेळी त्या माणसाचा हात आडवा येतो. किती खोल जायचं ते दिसतच नाही. घरी आलो आणि पाटावरचं ब्लेड न उघडता परत कपाटात ठेवलं.

बुधवारी सकाळी डालगं उचललं तेव्हा ती ताठ झाली होती.

मग मी पाट घेतला आणि कापली. वरची कातडी कापली, तरी पिशवी बंदच. खाली आणखी एक पातळ थर होता. तो कापल्यावर फुगलेले दाणे निघाले, ओंजळभर, आणि पोत्याच्या सुतळीचा एक तुकडा. आधी आतला थर शिवायचा, मग वरची कातडी, वेगवेगळी. एकत्र शिवून चालत नाही, हे कापलेल्या कडा बघताच कळलं. एवढंच होतं. दाणे काढून, पिशवी धुऊन मी आतला थर शिवला, मग वरचा. टाके सारख्या अंतरावर घातले. वर हळद लावली. हळद कशाला लावली, ते मला सांगता येणार नाही.

बायको टोपली घेऊन मागं उभी होती. तिनं वाकून शिवण पाहिली, बोट फिरवलं. “येत होतं की तुमाला,” ती म्हणाली. “मंग काहून न्हाई केलं?”

मी खड्डा खणायला गेलो. तिला अजून काही सांगितलेलं नाही, आणि हा कागदही दुकानातल्या वार्निशच्या डब्याखाली राहील. तू ब्लेड उचललंस तेव्हा मी तोंड फिरवलं नव्हतं, माय. तुझं ऐकलं होतं, तोंड तुझ्याकडंच होतं. डोळे मिटलेले होते.