दगडांमागची वाळू

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

बेलापूर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या पायांवर सुनीतीचं डोकं.

काल पुण्याहून खोकं आलं. त्यात आलं ते असं: जिवंत प्रवाळाचा तुकडा एक, माझ्या अंगठ्याएवढा, रुपये दीड हजार. समुद्राचं मीठ, पिशवी एक, बाराशे. पाण्यातलं तांबं तपासायचे थेंब, बाटली एक, साडेआठशे. काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी चार, दोनशे चाळीस. वर आणणावळ तीनशे. (मिठाचा भाव मी दोनदा वाचला. दगडाचं नाही की सोन्याचं नाही, मीठच आहे. जिभेला लावून पाहिलं.) खोकं घेऊन आलेला कुरियरवाला गोरक्षनाथ ते कानाशी हलवून म्हणाला, "वहिनी, ह्यात पानी हाय जनू. जित्राब मागिवलं का काय?" मी म्हटलं, हलवू नको रे बाबा, जीव आहे आत. तर तो खोकं ओट्यावर ठेवून दोन पावलं मागेच सरकला आणि सही दुरूनच घेतली.

तुमच्या गुडघ्याला उतार आहे ना? काष्टीच्या बाजारातलं ते हिरवं तेल संपलं असेल तर नवं घ्या, काटकसर करू नका, ती मी करते. पार्थला आशीर्वाद. आजी सांगेल ते निमूट ऐकतो म्हणून फार गुणी नातू आहे, पण तुमचा फोन तो स्पीकरवर लावतो आणि मग आपलं बोलणं निम्मी आळी ऐकते. शिवाय आमच्या घरात रेंज फक्त हॉलमध्ये येते आणि हॉलमध्ये हे बसलेले असतात, त्या माशांच्या टाकीसमोर. आज सांगायचं आहे ते ह्यांच्या कानावर पडून चालणार नाही. म्हणून पत्र. वन्सं, मी फार भ्याले आहे.

तुम्ही राखीपौर्णिमेला आलात तेव्हा टाकी अगदी भरात होती. निळ्या उजेडात ती जांभळी-हिरवी प्रवाळं हलत होती, आणि तुम्ही म्हणालात, "सुनीती, हा तर समुद्रच की गं. आज नारळी पौर्णिमा आणि समुद्र घरात!" तुम्ही नारळ आणायला निघालात, तर हे एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या ओट्यावरचं मांजर पळालं. मग तुम्ही डोळे मिटून, हात जोडून टाकीपाशी किती तरी वेळ उभ्या राहिलात. तुमचा हात सढळ, काही दिल्याशिवाय तुम्ही कोणाच्या दारातून हलत नाही (दूधवाल्यालासुद्धा जाताना पाच अनारसे दिलेत, मी दोनच देणार होते), आणि इथे मात्र तुम्हाला रिकाम्या हाती नमस्कार करायला लागला, याचं मला फार वाईट वाटलं.

तुम्ही गेल्यावर पोळ्याच्या आतच तो पांढऱ्या मिशांचा झिंगा उताणा पडला. मग गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडायला लागल्या. आणि मग प्रवाळं. आधी मिटली. मग रंग गेला. गणपती बसले तोवर टाकीत पांढरी हाडं उरली आणि एकटा नारिंगी मासा, जो काही झालं नाही अशा थाटात फिरत होता. ह्यांनी ती हाडं काढून वर्तमानपत्रावर मांडली आणि पांढऱ्या रुमालात बांधून प्रवरेत सोडून आले. सुतक धरायचं का, हे मी गुरुजींना विचारलं नाही. हसतील म्हणून नव्हे. हो म्हणाले तर ऐन गणपतीत काय करायचं म्हणून.

तुमचा भाऊ तुम्हाला मी काय सांगावा? पण निवृत्तीनंतर ह्यांचं काय झालं होतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. सगळी नोकरी ह्यांनी आमच्या या कोरड्या जिल्ह्यातल्या मुलांना फळ्यावर खडूने प्रवाळ बेटं काढून दाखवली, आणि शाळा सुटली तसे हे मिटले. वर्तमानपत्रातल्या निविदासुद्धा वाचायचे, पण माझ्याशी बोलायचं म्हणजे "मीठ दे" आणि "बाहेर कोण आलंय". टाकी आली आणि हे पुन्हा बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, माशाशी. पण मी आत कणीक मळताना ऐकायची ना! भरती का येते हे मला मॅट्रिकला पाठ होतं, कळलं ते आता, त्या माशाच्या कृपेने. प्रवाळं गेली तसे हे परत मिटले. टाकीवर पंचा टाकला आणि दिवा बंद केला. विजेचं बिल निम्म्याने कमी आलं आणि वन्सं, तुम्हाला खोटं वाटेल, ते बिल हातात घेऊन मी रडले.

ह्यांच्या शाळेतले रसायनशास्त्राचे गिदोन सर श्रीरामपूरला असतात, त्यांच्या घरीही लहानशी टाकी आहे. ते आले आणि त्यांनी नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकले, तर रंग चढला. सर म्हणाले, "नृसिंहराव, पाण्यात तांबं आहे. माशाला ते सोसतं, प्रवाळाला विष." झालं! हे थेट स्वयंपाकघराच्या दारात.

"तीर्थ घातलंस?"

"नाही हो."

"पळीभर?"

"थेंबभरसुद्धा नाही."

"मग या घरात तांबं कोण वापरतं?"

मी देवाला हात लावून शपथ घेतली, पण घाईत हात पडला तो तांब्याच्या ताम्हनावर, त्यामुळे परिणाम उलटाच झाला. त्याच दिवशी हंडा, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि लक्ष्मीच्या व्रताचा कलश माळ्यावर गेले. आज मी गुरुवारची लक्ष्मी स्टीलच्या गडव्यावर मांडली आहे. ती काही बोलली नाही, पण पोथी वाचताना मला सारखं वाटत होतं की ती गडव्याकडे बघते आहे.

सरांनी तांबं शोषणाऱ्या पिशव्या सोडल्या, पाणी बदललं, पुन्हा बदललं. तरी रंग येतच राहिला. सर डोकं खाजवत म्हणाले, "वहिनी, कुठे तरी आत बसलंय ते. रोज थोडं थोडं सुटतंय." हे म्हणाले, जाऊ द्या, कारणच कळत नसेल तर नवे जीव आणून मारायचे कशाला? आणि पंचा पुन्हा टाकला. दिवाळीच्या आवराआवरीत मी ह्यांना न विचारता टाकीतली पुढची वाळू काढली आणि मागच्या मोरीवर धुतली. (मासा बादलीत ठेवला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही.) आणि त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर उभी राहून कबूल केलं, की होय, मी पळीभर तीर्थ घातलं होतं, प्रवाळांना आयुष्य लाभावं म्हणून.

हे मला रागावतील असं वाटलं होतं. पण हे म्हणाले, "वाटलंच होतं मला," आणि दोन भाकऱ्या जास्त जेवले. कारण सापडलं ना! दुसऱ्या दिवशी पंचा निघाला, दिवा लागला, सरांना फोन गेला, "अहो सर, बायकोच निघाली!" सर फोनवर इतके हसले की मला आत ऐकू आलं. म्हणाले, "समुद्र घरात आणलात, आता वादळाची तक्रार कोणाकडे करता?"

तर आता असं आहे. प्रवाळाचा तुकडा सध्या सरांच्या टाकीत पाहुणा आहे. दत्तजयंतीला हे तो आपल्या टाकीत ठेवणार. ह्यांनी मला बजावून ठेवलं आहे, "हा जगला नाही तर टाकी विकून टाकायची आणि समुद्राचं नाव या घरात काढायचं नाही." आणि तीर्थाचं मी कबूल केलेलं असल्यामुळे, तो मेला तर पुन्हा मीच. काल नव्या बाटलीने पाणी तपासलं, तर रंग फिका आला, पण आला. सर म्हणाले, "बहुधा चालेल." वन्सं, दीड हजाराची वस्तू 'बहुधा'वर? काल सोडलेल्या चार गोगलगायींपैकी तीन काचेवर फिरताहेत. चौथी दगडांच्या मागे गेली, ती अजून बाहेर आलेली नाही. मी पोळी लाटता लाटता उठून बघून येते. ह्यांना वाटतं मला गोडी लागली.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमची,
सुनीती

ता. क. मी तीर्थ घातलेलं नाही. खोटं बोलले म्हणून त्या आठवड्यात एक उपास निर्जळी केला.

ता. क. दुसरा. मोरीवर वाळू धुताना मला एक भोकाचा तांब्याचा पैसा सापडला, हिरवा पडलेला. असे पैसे आपल्या नात्यात एकाच बटव्यात आहेत आणि तो तुमच्या कमरेला असतो. गोदावरीचा पूल आला की तुम्ही गाडीच्या खिडकीतून टाकता, ते मी पाहिलेलं आहे. समुद्राला रिकाम्या हाती नमस्कार तुमच्याने झाला नाही, हे मी समजू शकते. ह्यांना यातलं काही माहीत नाही आणि माझ्या तोंडून कळणार नाही. ह्यांना बायको चुकलेली चालते, तुम्ही चुकलेल्या चालणार नाही. पैसा परत पाठवत नाही, दक्षिणा परत करू नये आणि पाकिटाचं वजनही वाढतं.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच पत्र लिहायला बसले. मी धुतली ती फक्त पुढची वाळू. दगडांमागची तशीच आहे. दगड एकमेकांना चिकटवलेले आहेत, ते हलवायचे तर ह्यांना कारण सांगावं लागेल. पण दुपारी हे अर्धा तास डोळा लावतात, माझी सांडशी लांब आहे आणि स्टीलची आहे. फक्त कुठे आणि किती, एवढं मला कळलं पाहिजे. पाकिटावर माझं नाव घाला. पोस्टमन गहिनीनाथ मागच्या दाराने देतो. एकच टाकला असेल तर तसं लिहा, मी विश्वास ठेवीन. पण वन्सं, तुम्ही आयुष्यात कोणाला एकच काही दिलंय का हो? दत्तजयंतीच्या आत, उलट टपाली कळवा.