काळी फिल्म काढून टाकली

प्रिय ठमाबाईस,

तू पाठवलेली फिल्म पोचली आणि गाडीच्या पुढच्या काचेला लावूनही झाली. आता ती कचऱ्यात आहे. रागावायचं असेल तर आधी पुढचं वाच.

फोनवर तू म्हणालीस, "आई, दिवसभर ऊन तोंडावर घेतेस, काळवंडलीस किती!" बरं वाटलं गं. तुझे बाबा गेल्यावर माझ्या रंगाची काळजी कुणी केली नव्हती. त्यांची टॅक्सी विकायला निघाले होते सगळे. तुझे काका म्हणाले होते, बाईमाणूस स्टिअरिंगला हात लावणार? मी एक्केचाळिसाव्या वर्षी लावला. पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्याची गाडी आडवी केली, त्याच्या शिव्या खाल्ल्या, टोमॅटोही वेचून दिले. तू तेव्हा पुढच्या सीटवर बसून कॉलेजला यायचीस आणि फाटकाशी उतरताना मैत्रिणींना मोठ्याने सांगायचीस, ही माझी आई!

तर मंगळवारी फिल्म लावणाऱ्याकडे गेले. त्याने साबणाचं पाणी मारलं, रबराच्या पट्टीने बुडबुडे काढले. बोलला, "मावशी, पुढच्या काचेला एवढी काळी नका लावू." मी म्हटलं, लेकीने पाठवलीय, लाव. आत बसले तर कसं गारगार, पडदे ओढलेल्या खोलीसारखं. मला कुणी पाहत नव्हतं. खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं सुखाची गेली.

मग दिवेलागणीला दवाखान्याच्या वळणावर काळ्या कोटातले एक आजोबा रस्त्यात उतरले आणि मला ते दिसलेच नाहीत. दिसले तेव्हा बॉनेटला त्यांची काठी लागली होती. ब्रेक लागला म्हणून, नाहीतर आज हे पत्र तुला तुरुंगातून आलं असतं. ते काचेकडे बघून तावातावाने भांडत होते. मी खाली उतरून काठी उचलून दिली, तर माझ्याकडे टकमक बघत म्हणाले, "आत माणूस आहे होय! मला वाटलं, नुसती गाडीच अंगावर आली."

तशीच उलटी फिरले आणि त्या कारागिराला म्हटलं, ओरबाड ती, आत्ताच्या आत्ता. उन्हाला माझ्याकडे पूर्ण बाह्यांचा सदरा आहे, चष्मा आहे. चेहरा काळा झाला तर होऊ दे. तो कष्टाने काळा झालाय, कुणाच्या तोंडाला काळं फासून नाही.

आता खरं सांगते. तुझा फोन आला त्या गुरुवारी ऊन नव्हतंच, आभाळ भरलेलं होतं. दुपारी सिग्नलला मी उभी होते आणि समोरून तू सासूबाईंबरोबर रस्ता ओलांडत होतीस. आपली नजरानजर झाली. तू छत्री खाली ओढलीस. काच स्वच्छ होती, ठमे, सगळं दिसलं. तरी फिल्म लावून घेतली. वाटलं, माझ्यापायी लेकीला घरात ऐकून घ्यावं लागत असेल, तर लपते बापडी. पण आता नाही लपणार. तुझ्यासाठीसुद्धा नाही. रविवारी तुझ्या बाळाला बघायला येतेय. टॅक्सी तुमच्या दारातच लावीन. तू बाहेर ये किंवा येऊ नकोस, मी हॉर्न वाजवणार म्हणजे वाजवणार.

तुझीच,
टॅक्सीवाली आई