सहा ते बारा वयोगटातले बाबा

तीर्थरूप ताईस नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची हकीकत मागच्या पत्रात चार पानं वाचली.) इकडे सगळं ठीक आहे. बाबा पोहायला शिकतायत.

दचकू नकोस, नीट सांगतो. इथल्या तलावाच्या सेक्रेटरींनी मुलांच्या वर्गाच्या प्रवेशाचा प्रोग्रॅम माझ्याकडून फुकटात लिहून घेतला. वय सहाच्या वर आणि बाराच्या आत हवं. शाळेत गणितात लिहायचो तसं मी एका दमात लिहिलं: ६ < वय < १२. कुणालाही कळेल. पण प्रोग्रॅमच्या या भाषेला एका वेळी एकच तुलना झेपते. ती आधी विचारते, सहा हे वयापेक्षा लहान का? उत्तर हो आलं तर एक धरते, नाही आलं तर शून्य. मग वय साफ विसरते आणि त्या एकाला नाहीतर शून्यालाच विचारते, तू बारापेक्षा लहान का? आता एक काय नि शून्य काय, बारापेक्षा लहानच. थोडक्यात, पाळण्यातलं पोर असो की आपले बाबा, सगळे पास. (मी तपासून पाहिलं होतं. नऊ वर्षांच्या मुलावर. व्यवस्थित चाललं.)

बाबांनी अर्ज का भरला, देव जाणे. आई गेल्यापासून दाराबाहेर पाऊल न टाकणारा माणूस आता सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याआधी तयार असतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोरांच्या रांगेत, कठड्याला धरून पाय मारतात. पोरं त्यांना ‘नवीन मुलगा’ म्हणतात. काल तर जेवताना स्वतःहून, अजून वाढ, म्हणाले.

पण पालकांची तक्रार गेली. सेक्रेटरींनी मला झापलं, सोमवारपर्यंत प्रोग्रॅम दुरुस्त करा आणि आजोबांना घरी बसवा. दुरुस्ती किरकोळ आहे, दोन तुलना वेगवेगळ्या लिहून मध्ये ‘आणि’ टाकायचा. केलीही. फक्त चालू करायला हात धजत नाही. खरं सांगतो, फार वाईट वाटतंय.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्याला जपून रविवारी ये आणि बाबांना तूच सांग. तुझं ते ऐकतात.

आणखी ता. क. (हे अक्षर माझं, बाबांचं. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं.) येऊ नकोस. वयाची अट तलावाच्या फाटकावर लिहिली आहे, मला वाचता येतं. रोज वाटायचं, आज हाकलतील. सेक्रेटरींना आत्ताच भेटून आलो. मोठ्यांचा वर्ग नाही म्हणाले, तर म्हटलं, काढा. पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं धाकट्याचं. पाण्याला घाबरतो तो. त्याला अजून बोललो नाही, ते तेवढं तू सांग.